राजा-प्याद्यांचे शेवट आणि फोनमधले इंजिन: लीचेसच्या विश्लेषणपटाचा एका पावसाळ्याचा अनुभव

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रात जाण्यास बंदी असते. त्या काळात वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या वाडीत जाळी दुरुस्त करण्याच्या शेडमध्ये बुद्धिबळाचा एक जुना लाकडी पट मांडला जातो. पटावरचा एक उंट हरवलेला आहे आणि त्याच्या जागी बाटलीचे बूच उभे असते, पण त्याने कुणाचे अडत नाही, कारण आमच्याकडचे खेळाडू मारामारीचे शौकीन असल्याने वजीर, हत्ती, घोडे आणि उंट विसाव्या-पंचविसाव्या चालीपर्यंत पटाबाहेर गेलेले असतात. उरतात दोन राजे, चार-सहा प्यादी आणि पुढचा तासभर चालणारा वाद. ‘हा डाव जिंकलेलाच होता’ असे एक जण म्हणतो, ‘काही केल्या बरोबरीच होती’ असे दुसरा म्हणतो, आणि दोघांपैकी कुणालाही आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही.

यंदा मी या वादांचा निकाल फोनवर लावायचे ठरवले. त्यासाठी लीचेस या मोफत संकेतस्थळावरचा विश्लेषणपट, त्यात चालणारे स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे चाली मोजणारा प्रोग्राम, आणि त्याच पटाला जोडलेले सिझिजी टेबलबेस, म्हणजे शेवटांच्या तयार निकालांचा साठा, अशी तीन साधने जवळपास रोज वापरली. प्रस्तुत परीक्षण केवळ राजा-प्याद्यांच्या शेवटांपुरते आहे. सुरुवातीच्या चालींचा अभ्यास किंवा ऑनलाइन डाव यांविषयी येथे काही म्हणायचे नाही.

आधी नावांविषयी थोडे, कारण स्टॉकफिश आणि सिझिजी ही दोन्ही नावे किनाऱ्यावरच्या माणसाला परकी वाटू नयेत अशी आहेत. स्टॉकफिश म्हणजे मीठ न लावता वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा, थोडक्यात नॉर्वेकडची सुकी मासळी. हा प्रोग्राम २००८ मध्ये, नॉर्वेच्या तोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या इंजिनावरून इटलीच्या मार्को कोस्ताल्बा यांनी पुढे नेला, म्हणून ‘नॉर्वेत तयार झाले आणि इटलीत शिजले’ अशा अर्थाने ते नाव पडले. सिझिजी म्हणजे आकाशस्थ गोल एका रेषेत येणे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी असे जुळतात तेव्हा आपल्याकडे उधाणाची भरती येते, तीच ही स्थिती. शेडमध्ये ही माहिती सांगितल्यावर यंत्राला जो मान मिळाला, तो त्याच्या हिशेबाच्या अचूकतेमुळे मिळाला नव्हता.

आता कामाचे. इंजिन आणि टेबलबेस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि राजा-प्याद्यांच्या शेवटात हा फरक नीट समजून न घेणाऱ्याची फसगत होते. इंजिन पुढच्या चाली मोजते आणि स्थितीला एक आकडा देते. शून्य म्हणजे बरोबरी, अधिक म्हणजे पांढऱ्याचे पारडे जड, उणे म्हणजे काळ्याचे. टेबलबेस काहीही मोजत बसत नाही. पटावर राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली, की त्या प्रत्येक संभाव्य स्थितीचा निकाल आधीच उलट्या दिशेने काढून साठवलेला असतो, आणि पटाशेजारी सगळ्या कायदेशीर चाली जिंकणाऱ्या, बरोबरीच्या आणि हरणाऱ्या अशा गटांत मांडून दिसतात. सिझिजी टेबलबेस रोनाल्ड डे मान यांनी तयार केले आणि २०१८ मध्ये ते सात मोहऱ्यांपर्यंत पूर्ण झाले. सात मोहऱ्यांचा सगळा साठा सुमारे १७ टेराबाइट भरतो, म्हणजे तो घरी ठेवायचा तर १२८ जीबीचे सुमारे १३० फोन रिकामे करावे लागतील. पाच मोहऱ्यांपर्यंतचा साठा मात्र जेमतेम १ जीबीचा आहे, आणि पुढे सांगणार आहे त्या कारणाने आम्हाला तोच जास्त उपयोगी पडला.

पहिली कसोटी माझ्याच पराभवाची होती. पराभवाची म्हणजे हातची जीत बरोबरीत गेली त्याची. पांढरा राजा ई४ वर (अक्षर उभ्या स्तंभाचे, आकडा आडव्या रांगेचा), पांढरे प्यादे ई३ वर, काळा राजा ई६ वर आणि चाल माझी. समोर तात्या होते. तात्यांचे वय सत्तरीच्या पुढे असून ते मूळचे देशी पद्धतीचे खेळाडू आहेत, म्हणजे प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरणार आणि शेवटच्या रांगेत जाऊन ज्या घरात पोहोचेल त्या घरचेच मोहरे होणार, या नियमांवर वाढलेले. मी राजा डावीकडे सरकवला, तात्यांनी त्यांचा राजा माझ्यासमोर आणून उभा केला. मी उजवीकडे गेलो, तेही आले. दहाएक चालींनी मी हात टेकले. एक प्यादे जास्त असून जिंकता येत नाही, याची चिडचिड घेऊनच मी घरी येऊन ती स्थिती विश्लेषणपटावर मांडली. इंजिनाने शून्य दाखवले. टेबलबेसने माझी प्रत्येक चाल बरोबरीच्या गटात टाकली. निकाल कळला, पण कारण काही कळले नाही, आणि हीच या साधनाची पहिली व सर्वांत मोठी मर्यादा आहे.

कारण काढण्याची युक्ती मला दुसऱ्या दिवशी सुचली आणि पुढचा सगळा पावसाळा आम्ही तिच्यावर काढला. स्थिती तशीच ठेवायची, पटावरची एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा विचारायचे. सगळे काही जागच्या जागी ठेवून मी फक्त चाल काळ्याची केली, तर निकाल बदलून पांढऱ्याची जीत झाली. म्हणजे मोहऱ्यांच्या जागांत दोष नव्हता; माझ्यावर चालण्याची पाळी आली होती हाच दोष होता. ज्याला बुद्धिबळवाले अपोझिशन म्हणतात, म्हणजे दोन राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभे आणि ज्याची पाळी त्याला वाट सोडावी लागणार, तो प्रकार एका बटणाच्या दाबाने डोळ्यांसमोर उभा राहिला. मग चाल पुन्हा पांढऱ्याची केली आणि ई३ वरचे प्यादे एक घर मागे, ई२ वर ठेवले. पुन्हा पांढऱ्याची जीत. प्यादे जितके पुढे तितके चांगले, असे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला हे विपरीत वाटेल, पण मागे राहिलेल्या प्याद्याजवळ एक राखीव चाल असते. ई३ खेळले की राजे जागचे हलत नाहीत आणि पाळी काळ्यावर जाते. यादीत जिंकणाऱ्या चालींमध्ये राजा डी४ हीसुद्धा होती. काळा राजा डी६ वर समोर आला तरी प्याद्याची राखीव चाल खर्च न होता हाताशी शिल्लकच राहते, हे त्यामागचे कारण. डावात पाच-सहा चाली आधी मी सहज म्हणून प्यादे ई३ वर ढकलले होते. तेथेच डाव गेला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

हे एवढे समजायला मला इंजिनाचा आकडा उपयोगी पडला नाही. उपयोगी पडली ती स्थिती बदलून मांडण्याची सोय. लीचेसवर ही सोय फार चांगली आहे. संपादनपटावर बोटाने मोहरे उचलून दुसरीकडे ठेवता येते, चाल कुणाची ते बदलता येते, आणि पुन्हा विश्लेषणाकडे जाता येते. या सगळ्याला पैसे लागत नाहीत आणि मध्ये जाहिराती येत नाहीत. २०१० मध्ये फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी यांनी सुरू केलेले हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते.

दुसरी कसोटी मुलांसाठी निवडली. शाळा सुटल्यावर पाच-सहा मुले शेडमध्ये येतात, त्यांना रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये रचलेली प्रसिद्ध स्थिती मांडून दिली. पांढरा राजा एच८ वर, पांढरे प्यादे सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळे प्यादे एच५ वर. चाल पांढऱ्याची आणि बरोबरी साधायची. काळे प्यादे पळत सुटले आहे, पांढरा राजा त्याच्या मागे दोन चालींनी कमी पडतो, आणि स्वतःचे प्यादे तर काळ्या राजाच्या तोंडाशी आहे. मुलांनी आधी फोन न उघडता वहीत चाली लिहिल्या. सगळ्यांनी राजा सरळ एच स्तंभातून प्याद्यामागे पळवला आणि सगळे हरले. मग टेबलबेस उघडले. बरोबरीची एकच चाल: राजा जी७. त्यानंतर एफ६, आणि काळ्याने राजा बी६ वर आणला की ई५, म्हणजे राजा तिरका चालत जातो आणि प्रत्येक पावलागणिक दोन कामे करतो: काळ्या प्याद्याच्या जवळही येतो आणि स्वतःच्या प्याद्याच्या मदतीलाही सरकतो. एका मुलीने पडद्याकडे पाहून विचारले, “काकानू, राजा तिरको कित्याक गेलो?” तिला उत्तर न देता मी सी६ वरचे प्यादे उचलून पटाबाहेर ठेवायला सांगितले. निकाल लगेच काळ्याची जीत असा झाला. “म्हणजे ता प्यादा व्हया,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच प्यादे परत ठेवून काळ्या राजाला ए६ वरून एकेक घर हलवून निकाल केव्हा बदलतो ते पाहत बसली. तिरके चालल्याने राजाचे अंतर वाढत नाही, ही भूमितीच्या तासाला न पटणारी गोष्ट तिला तिथे पटली.

टेबलबेसच्या यादीबाबत एक इशारा द्यायला हवा. यादीत सर्वांत वर जी चाल असते ती सर्वांत शिकण्याजोगी असतेच असे नाही. सिझिजीचा हिशेब पुढच्या मारापर्यंत किंवा पुढच्या प्याद्याच्या चालीपर्यंत किती चाली लागतील यावर असतो, कारण त्याचा संबंध पन्नास चालींच्या नियमाशी आहे (पन्नास चालींत मार किंवा प्याद्याची चाल झाली नाही तर बरोबरी मागता येते). त्यामुळे जिंकणाऱ्या पाच चालींपैकी प्यादे ढकलणारी चाल बऱ्याचदा वर चढून बसते, आणि मुले तीच ‘सर्वोत्तम’ समजून पाठ करतात. वास्तविक जिंकणाऱ्या गटातल्या सगळ्या चाली सारख्याच जिंकणाऱ्या असतात. त्यांतली राजाची चाल पाहिली तर शेवटाचे मर्म कळण्याची शक्यता अधिक. म्हणून आमच्याकडे असा नियम केला, की यादीतला क्रम वाचायचा नाही, जिंकणाऱ्या गटात किती चाली आहेत तेवढे मोजायचे. एकच असेल तर तिथे थांबून विचार करायचा.

सात मोहऱ्यांच्या वर सिझिजी टेबलबेस गप्प बसते, आणि तेथे एकट्या इंजिनावर भिस्त येते. यासाठी मी लास्कर आणि राइखहेल्म यांच्या नावाने ओळखली जाणारी १९०१ ची स्थिती घेतली, जी पूर्वी बुद्धिबळाच्या प्रोग्रामांची परीक्षा घेण्यासाठी हमखास वापरत. पांढरा राजा ए१ वर आणि प्यादी ए४, डी४, डी५, एफ४ वर. काळा राजा ए७ वर आणि प्यादी ए५, डी६, एफ५ वर. एकूण नऊ मोहरी. प्यादी सगळी एकमेकांत अडकलेली, त्यामुळे फिरणार ते दोन राजेच. पांढऱ्याला राजा बी५ वरून किंवा जी५ वरून आत घुसवायचा आहे आणि काळ्याला दोन्ही दारे राखायची आहेत. पटाच्या तळाशी कोपऱ्यात बसलेल्या पांढऱ्या राजाला पहिल्या चालीसाठी तीनच घरे आहेत आणि त्यांपैकी फक्त बी१ जिंकते. काय होणार ते बारा-तेरा चालींच्या पुढे दिसते, म्हणून सरळ मोजत जाणाऱ्या प्रोग्रामाचा तेथे दम सुटायचा. पण आधी पाहिलेल्या स्थिती लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रामाला ती सोपी जाते, कारण दोन राजे वेगवेगळ्या वाटांनी फिरून पुन्हा पुन्हा त्याच जागांवर येतात. फोनवरच्या स्टॉकफिशने बी१ ही चाल शोधायला चहाचा एक घोट घेण्याइतकाही वेळ लावला नाही.

आणि पुन्हा तेच: चाल कळली, कारण नाही. एवढ्या लांबच्या घराचा आणि बी५ च्या दाराचा काय संबंध? आम्ही सिमेंटच्या जमिनीवर खडूने पट आखला आणि इंजिनाला जोड्या विचारत गेलो. पांढरा राजा सी४ वर आला तर काळा कुठे असला म्हणजे बरोबरी राहते? बी६ वर. पांढरा डी३ वर असेल तर? सी७ वर. सी३ ला बी७, बी३ ला ए७, सी२ ला बी८, बी२ ला ए८. प्रत्येक उत्तर दोन्ही घरांत एकाच आकड्याने लिहीत गेलो. दोन दिवस पावसाने उघडीप दिली नाही, त्या दोन दिवसांत जमिनीवरचा पट भरला, आणि भरल्यावर दिसले की बी१ ची जोडी ए७ आहे. काळा राजा आधीपासूनच ए७ वर उभा आहे. पांढरा बी१ वर गेला की काळा बरोबर जागेवर असतो, पण चालण्याची पाळी त्याच्यावर येते आणि त्याला जागा सोडावीच लागते. ई४-ई६ च्या समोरासमोरच्या उभे राहण्याचेच हे मोठ्या घेराचे रूप होते. या कामात स्टॉकफिशचा मोठेपणा असा, की शंभरेक वेळा विचारूनही ते कंटाळले नाही आणि त्याच्या एकाही उत्तराने जमिनीवरचा हिशेब बिघडवला नाही.

ज्या कामासाठी मी हे साधन सुचवणार नाही, ते म्हणजे बरोबरीच्या शेवटाचा सराव. विश्लेषणपटावरून ‘येथून पुढे संगणकाशी खेळा’ अशी सोय आहे आणि स्टॉकफिशच्या आठ पातळ्या आहेत. जिंकलेला शेवट जिंकून दाखवण्याचा सराव तिथे उत्तम होतो, कारण एक चाल चुकली की वरच्या पातळीचे इंजिन बरोबरी हिसकावून घेते. पण बरोबरी राखण्याचा सराव करायला बसलो तर इंजिन प्रतिस्पर्धी म्हणून मिळमिळीत आहे. त्याच्या लेखी सगळ्या बरोबरीच्या चाली शून्यच, म्हणून समोरच्याला चकवण्यासाठी त्यांतली अवघड कोणती, याची त्याला फिकीर नसते. वाटेल तेव्हा प्यादे पुढे ढकलून ते स्टेलमेट (शह नसताना चालायला जागाच न उरणे, म्हणजे बरोबरी) होऊ देते. हा दोष बहुतेक इंजिनांचा आहे. तात्या तसे करत नाहीत. तात्या तीस चाली राजा इकडून तिकडे फिरवतात, मध्येच पान लावतात, आकाशाकडे बघून ‘येतलो बहुतेक’ असे पावसाबद्दल म्हणतात, आणि माझे लक्ष गेले की राजा एक घर पुढे सरकवतात. बरोबरी राखायला शिकायचे तर समोर असा माणूसच हवा.

आता आमच्याकडच्या अडचणी. टेबलबेस दूरच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे त्याला नेट लागते, आणि आषाढात वाडीतले नेट ज्या कंपनीवर अवलंबून आहे तिचा टॉवर वीज गेली की काही वेळाने तिच्यामागोमाग जातो. जुलैत सलग चार दिवस असे गेले. इंजिन फोनच्या ॲपमध्येच असल्याने ते नेटशिवाय चालते. राजा-प्याद्यांच्या साध्या शेवटात ते एकटेही पुरेसे आहे, फक्त चालींची गटवार यादी मिळत नाही. पण कोणतेही इंजिन फोन तापवते आणि बॅटरी भराभर खाते, आणि वीज नसताना बॅटरी ही चैनीची वस्तू नव्हे. शेवटी पुतण्याच्या लॅपटॉपवर स्टॉकफिश आणि पाच मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी उतरवून ठेवले. सहा मोहऱ्यांचा साठा १५० जीबीच्या घरात जातो. तेवढे उतरवायला आमच्या नेटला गणपती उजाडले असते. पाच मोहऱ्यांत दोन राजे आणि तीन प्यादी बसतात, आणि शेडमधले निम्मे वाद तेवढ्यात मिटतात. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आणलेला बॅटरीवरचा यंत्रपटही आमच्याकडे होता, पण खाऱ्या हवेने दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचे स्प्रिंग गंजून गेले. ज्यांना स्क्रीन नको म्हणून तसा पट घ्यायचा आहे त्यांनी किनाऱ्यापासून थोडे आत राहत असाल तरच तो घ्यावा, असे माझे मत आहे.

तात्यांना मात्र या साधनाबद्दल एक तक्रार आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांच्या देशी नियमांनी प्यादे घोड्याच्या स्तंभात शेवटच्या रांगेत पोहोचले तर त्याचा घोडाच होतो, वजीर नव्हे. म्हणजे राजा आणि प्यादे विरुद्ध राजा या शेवटाचा अर्धा हिशेब स्तंभागणिक बदलतो. असा शेवट मांडून विचारण्याची सोय लीचेसवर नाही, आणि टेबलबेस त्या नियमांवर बनलेलेही नाही. त्यांना हवा असलेला निकाल अजून खडूनेच काढावा लागतो.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तात्यांना मी लास्कर-राइखहेल्मची स्थिती लाकडी पटावर मांडून दिली. जमिनीवरचे खडूचे आकडे तोवर पुसले गेले होते आणि मुलांना बोलू नका अशी ताकीद दिली होती. त्यांनी बराच वेळ पाहून राजा बी२ वर ठेवला. मी काळा राजा ए८ वर नेला. ते अजून विचार करीत आहेत.